यामाहा आरएक्स-व्ही३८५: चार पोर्टांत घरभरची यंत्रं बसवायची कशी

इंदूरमधल्या कुठल्याही मराठी घरात टीव्हीखाली आज निदान पाच यंत्रं निघतात. डिशचा नाहीतर केबलचा डबा, फायर स्टिक, ब्लू-रे किंवा डीव्हीडी प्लेयर, मुलांचा प्लेस्टेशन आणि नाटकांच्या व्हीसीडी लावायला म्हणून न टाकलेला जुना प्लेयर. या सगळ्यांचा आवाज पाच स्पीकर आणि एका सबवूफरवर आणायचा, तोही भरमसाट खर्च न करता, तर यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा ५.१ रिसीव्हर बहुतेकदा समोर येतो. २०१८ सालचं मॉडेल आहे, तरी अजून त्याची चौकशी होते. यंत्र चांगलं आहे. मात्र सगळ्या वायरी यातच खुपसायच्या असा हट्ट धरलात तर पस्तावाल. काय याला जोडायचं आणि काय थेट टीव्हीला, हे आधी कागदावर काढा आणि मगच दुकानात जा.

आत काय आहे ते आधी. एचडीएमआयची चार इनपुट आणि एक आउटपुट. ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत, एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन या जास्त उजळ-गडद चित्राच्या प्रकारांसकट, हात न लावता टीव्हीकडे पुढे जातं. चारही पोर्टांवर एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) आहे, त्यामुळे ओटीटीच्या ४के चित्राची अडवणूक होत नाही. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ब्लू-रेवरचे मूळ दर्जाचे आवाज उलगडतो. ब्लूटूथ आहे, वायफाय नाही. डॉल्बी अ‍ॅटमॉस नाही, म्हणजे अ‍ॅटमॉसचा चित्रपट लावला तर त्यातला साधा सराउंड आवाज ऐकू येतो, पाऊस डोक्यावरून, छतातून पडल्यासारखा ऐकू येत नाही. शक्ती प्रत्येक चॅनेलला ७० वॅट. पण हा आकडा ६ ओहम भाराचा आणि दोनच चॅनेल चालू असतानाचा आहे. पाचही एकदम चालले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी येणार. १२ बाय १४ फुटांच्या हॉलला तरीही ते भरपूर होतं. बंगल्याच्या दुमजली उंच हॉलसाठी मात्र हा घेऊ नका.

आता वायरींची वाटणी.

डिशचा डबा, फायर स्टिक आणि ब्लू-रे प्लेयर हे तिन्ही रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटमध्ये. ब्लू-रेला तर दुसरी जागाच नाही, कारण त्यातला ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी आवाज टीव्हीमार्गे परत आणताच येत नाही. टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून उलट रिसीव्हरकडे आणणारा एआरसी रस्ता तेवढा रुंद नाही. फायर स्टिक लावताना तिच्यासोबत येणारी छोटी एक्स्टेंडर वायर फेकू नका. स्टिक रिसीव्हरच्या पाठीला थेट खोचली तर तिला मागून गरम हवा मिळते आणि पुढे पत्र्याच्या पेटीची अडवणूक होते, मग वायफाय तुटतं आणि दोष जातो इंटरनेट कंपनीला. तिची वीजही स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवरूनच घ्या. रिसीव्हरच्या तोंडावर दिसणारं यूएसबी पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवण्यासाठी आहे.

प्लेस्टेशन ५ चं उत्तर टीव्हीवर अवलंबून आहे. टीव्ही १२० हर्ट्झचा असेल तर कन्सोल थेट टीव्हीला जोडा. या रिसीव्हरमधून ४के १२० फ्रेम जात नाहीत आणि व्हीआरआरही (खेळाच्या फ्रेमप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारी सोय) जात नाही. आवाज मग टीव्हीकडून एआरसीने परत येईल. त्यासाठी कन्सोलच्या साउंड सेटिंगमध्ये ऑडिओ फॉरमॅट लिनियर पीसीएमवरून, म्हणजे न दाबलेल्या आवाजावरून, डॉल्बी डिजिटलवर न्या. पीसीएम तसंच ठेवलं तर एआरसीवरून फक्त दोन चॅनेल येतात आणि मागचे स्पीकर मुके राहतात. ‘सराउंड वाजतच नाही’ या तक्रारीत निम्म्या वेळा हेच निघतं. टीव्ही ६० हर्ट्झचा असेल, आणि आपल्याकडे घरोघरी तोच असतो, तर कन्सोल खुशाल रिसीव्हरच्या चौथ्या पोर्टात लावा आणि पीसीएमच ठेवा. आवाज न दाबता पूर्ण ५.१ मिळतो, चित्रात काहीही गमवावं लागत नाही.

जुन्या प्लेयरची गोष्ट वेगळी. रिसीव्हरच्या मागे पिवळ्या कंपोझिट वायरची इनपुट दिसतात आणि माणूस फसतो. त्यात आलेलं चित्र हा रिसीव्हर एचडीएमआयमध्ये बदलत नाही. पिवळ्यात आलं ते पिवळ्यातूनच बाहेर पडणार. म्हणून अशा प्लेयरची पिवळी वायर सरळ टीव्हीला आणि आवाज कोअ‍ॅक्सिअल डिजिटल वायरने रिसीव्हरला. मागे कोअ‍ॅक्सिअल दोन आणि ऑप्टिकल एक अशी डिजिटल इनपुट आहेत, ती याच कामाची. नव्या टीव्हीला पिवळं भोकच नसेल तर कंपोझिट-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर लागतो. तो टीव्हीच्या रिकाम्या पोर्टात लावा, रिसीव्हरचा मोलाचा पोर्ट त्यावर घालवू नका. ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवणारा प्लेयर असेल तर फोनो प्रीअ‍ॅम्प वेगळा घ्यावा लागेल (तो तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवतो), या मॉडेलला फोनो इनपुट नाही.

रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटपासून टीव्हीकडे जाणारी वायर ही सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच घाईत कुठल्याही पोर्टात खोचली जाते. टीव्हीच्या ज्या पोर्टावर एआरसी किंवा ईएआरसी (त्याचीच नवी, रुंद आवृत्ती) लिहिलंय, त्यातच ती जायला हवी. नंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे यंत्रांनी एचडीएमआयवरून एकमेकांना चालवायची सोय, चालू करायचं. कंपनीगणिक नाव बदलतं: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. रिसीव्हरमध्ये सेटअप मेनूतल्या एचडीएमआय विभागात एचडीएमआय कंट्रोल ऑन, मग एआरसी ऑन. कंट्रोल बंद असेल तर एआरसी चालत नाही, हे पुस्तिकेत आहे पण कोणी वाचत नाही. शेवटी टीव्हीचा साउंड आउटपुट ‘एआरसी’ किंवा ‘रिसीव्हर’वर आणि डिजिटल ऑडिओ ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’वर. पीसीएमवर राहिलं तर टीव्हीच्या अ‍ॅपमधला ५.१ चित्रपटही स्टिरिओ होऊन येतो.

टीव्ही अजिबातच ऐकत नसेल तर ऑप्टिकल वायर लावा. त्यावरून डॉल्बी डिजिटल ५.१ येतो, डॉल्बी डिजिटल प्लस येत नाही. टीव्हीच तो बदलून साधा डॉल्बी डिजिटल करून पाठवतो. कानाला फरक फारसा जाणवत नाही. फक्त टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त होणं त्या वायरीवर मिळत नाही. डीटीएसच्या फाइली पेन ड्राइव्हवरून टीव्हीत लावणाऱ्यांनी आधी टीव्ही तपासावा: सॅमसंगच्या गेल्या काही वर्षांतल्या टीव्हींमध्ये डीटीएस नाही. तिथे रिसीव्हर बिचारा काय करणार, त्याच्यापर्यंत आवाजच पोचत नाही.

चित्राची भानगड बहुधा पहिल्याच दिवशी उभी राहते. १०८०पी नीट दिसतं, ४के एचडीआर लावलं की पडदा काळा. तीन जागा तपासायच्या. पहिली टीव्हीत: त्या पोर्टाचा पूर्ण वेग बऱ्याचदा हाताने चालू करावा लागतो. एलजीमध्ये एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, सोनीमध्ये एन्हान्स्ड फॉरमॅट. दुसरी वायर. १८ गिगाबिटची, ‘प्रीमियम हाय स्पीड’ असा होलोग्राम आणि क्यूआरचा शिक्का असलेली घ्या. तांब्याच्या साध्या वायरीवर पाच मीटरच्या पुढे हा वेग भरवशाचा राहत नाही. प्रोजेक्टरसाठी दहा मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या आणि तिची टोकं नीट बघा, एकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी लावली तर काहीच दिसत नाही, आणि भिंतीत गाडल्यावर कळलं तर प्लॅस्टर फोडावं लागतं.

तिसरी जागा रिसीव्हरमध्येच लपलेली आहे. यंत्र बंद करा, पुढचं स्ट्रेट बटण दाबून धरा आणि तसंच पॉवर दाबा. अ‍ॅडव्हान्स्ड सेटअप उघडतो. प्रोग्रॅम बटणाने ४के मोडपर्यंत जा आणि स्ट्रेटने बदला. मोड १ पूर्ण वेगाचा, मोड २ कमी वेगाचा. पडद्यावर चांदण्या चमकत असतील किंवा चित्र दर काही सेकंदांनी जात असेल आणि हाताशी दुसरी वायर नसेल, तर मोड २ तात्पुरता उपाय आहे. रंगाचा तपशील कमी होतो, म्हणून कायमचा इलाज वायर बदलणं हाच. याच मेनूत स्पीकर इम्पीडन्सही (स्पीकरचा ओहममधला भार) आहे. तुमचे पुढचे स्पीकर ६ ओहमचे असतील तर तो ८ वरून ६ वर आणायचा. बदल लागू होण्यासाठी यंत्र एकदा बंद-चालू करा.

तरीही चित्र येत नसेल तर प्लेयर त्याच वायरीने थेट टीव्हीला लावून बघा. तिथे दिसलं तर वायर आणि प्लेयर निर्दोष, खोट पुढच्या वायरीत किंवा सेटिंगमध्ये. वीज जाऊन आल्यावर गाडं अडलं असेल तर सगळ्यांचे स्विच भिंतीवरून बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा, मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर, शेवटी प्लेयर. यंत्रांची एकमेकांशी ओळखपाळख याच क्रमाने नीट होते. चित्रपट सुरू होताना एक-दोन सेकंद पडदा काळा होतो तो दोष नव्हे, फ्रेम रेट बदलताना तसं होतंच.

या यंत्रातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली सोय म्हणजे स्टँडबाय थ्रू. डिशचा डबा रिसीव्हरमधून गेला की घरातली मोठी माणसं विचारतात, सकाळी बातम्या बघायलाही हा मोठा डबा चालू करायचा का? नाही. स्टँडबाय थ्रू ऑन ठेवा. रिसीव्हर झोपलेला असतानाही चित्र आणि आवाज टीव्हीकडे जातो, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर वाजतात. त्या झोपेतही रिमोटवरच्या एचडीएमआय बटणांनी इनपुट बदलता येतं. शिवाय रिमोटवरच्या सीन बटणांपैकी एकावर डिशचं इनपुट बसवून द्या: हवं ते इनपुट निवडा आणि सीन बटण ‘सेट कम्प्लीट’ दिसेपर्यंत दाबून धरा. आजीला एकच बटण सांगावं लागतं. फायर स्टिक मध्येच जागी होऊन टीव्ही आपल्याकडे ओढत असेल, तर तिच्या सेटिंगमधलं सीईसी बंद करा, रिसीव्हरचं करू नका.

स्पीकरच्या वायरीत लोक हात आखडता घेतात. १.५ चौरस मिमीची, म्हणजे साधारण १६ गेजची, दोन पदरी वायर हॉलभर पुरते. मागच्या स्पीकरपर्यंत भिंतीकडेने फिरवून १२-१५ मीटर होत असेल तर २.५ घ्या. इंदूरच्या महाराणी रोडवरच्या दुकानांत मीटरने मागाल तेव्हा एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. भाव निम्मा असतो, पण रोधही जास्त आणि वाकवताना तुटतंही लवकर. टोकं एक सेंटिमीटरच्या आसपास सोला, पदर घट्ट पिळा. एक सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी पडद्यावर ‘चेक एसपी वायर्स’ येतं आणि यंत्र बंद पडतं. घाबरू नका, प्लग काढून टोकं नीट करा. यंत्र स्वतःला वाचवतंय.

मग वायपीएओ, म्हणजे माइकवरून होणारी खोलीची मोजणी. माइक सोफ्याच्या उशीवर टाकू नका, कॅमेऱ्याच्या तिपाईवर बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. सबवूफरचा आवाज निम्म्यावर, त्याचा क्रॉसओव्हर (कुठल्या सुरापर्यंत सबवूफरने वाजवायचं ती सीमा) शेवटपर्यंत. पंखा, कूलर आणि मिक्सर बंद. उन्हाळ्यात इंदूरच्या घरात हॉलच्या खिडकीतला कूलर चालू ठेवून ही मोजणी केली की हमखास ‘ई-५ नॉइझी’ येतं. पहाटे करा, रस्ताही शांत असतो. ‘डब्ल्यू-१ आउट ऑफ फेज’ आलं तर त्या स्पीकरचं लाल-काळं तपासा. बरोबर असेल तर दुर्लक्ष करा, कधीकधी खोलीच्या प्रतिध्वनीमुळेही ते येतं. मोजणीनंतर मेनूत जाऊन एकदा बघा, शेल्फवरच्या छोट्या स्पीकरला यंत्राने ‘लार्ज’ तर केलं नाही ना. केलं असेल तर स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर लिपसिंक आधी ऑटो ठेवा, न जमल्यास मॅन्युअल. ५०० मिलिसेकंदांपर्यंत आवाज मागे ढकलता येतो. आवाज उशिरा येत असेल तर मात्र हे कामाचं नाही, तेव्हा टीव्हीचा पिक्चर मोड गेमवरून काढा किंवा टीव्हीतला ऑडिओ डिले शून्य करा.

सबवूफरमधून सतत ‘हूंऽऽ’ येणं ही जुन्या वस्तीतली खास तक्रार. रामबाग, मल्हारगंजकडच्या जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं आणि गच्चीवरून येणारी केबल स्वतःचं वेगळं अर्थिंग घेऊन येते. डब्याच्या मागची गोल केबल फिरवून काढा. गुणगुण थांबली तर कारण सापडलं. टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर, डबा हे सगळं एकाच बोर्डावर घ्या. केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा पण अर्थिंगचा दुवा तोडणारा जोड) बसवता येतो. डिशला तो साधा आयसोलेटर चालत नाही, कारण डबा त्याच केबलमधून छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज पाठवतो आणि आयसोलेटर ती अडवतो. तिथे छत्रीचं अर्थिंग घराच्या अर्थिंगशी जोडून घेणं हाच मार्ग, आणि ते वायरमनकडूनच. कोणी सबवूफरच्या प्लगची तिसरी पिन तोडायचा सल्ला दिला तर ऐकू नका.

सुताराकडून टीव्ही युनिट करून घेणाऱ्यांनी रिसीव्हरची मापं त्याला लिहून द्यावीत. रुंदी ४३.५ सेंटिमीटर, खोली बत्तीसच्या आत असली तरी मागच्या वायरी वाकायला जागा धरून कप्पा निदान ४५ सेंटिमीटर खोल हवा. पुस्तिका वर ३० आणि बाजूंना, मागे २० सेंटिमीटर मोकळी जागा मागते. तेवढी कोणी देत नाही, निदान पाठीचा प्लाय तरी काढून टाका आणि पुढे काचेचं दार लावू नका. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात, बंद कप्प्यात हे यंत्र तापून स्वतःच बंद होतं. वरच्या जाळीवर इथली धूळ थरावर थर बसते; प्लग काढून मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने महिन्यातून एकदा काढा. रिसीव्हरच्या डोक्यावर डिशचा डबा ठेवायची सवय सोडा.

वायरी भिंतीत न्यायच्या असतील तर २० मिमीचा पाइप पुरत नाही, एचडीएमआयचं डोकं अडकतं. २५ मिमी किंवा जास्त, वळणावर चौकोनी एल्बोऐवजी लांब बेंड, आणि आत एक जास्तीची दोरी सोडून ठेवा. आज १८ गिगाबिटची वायर घातली, तरी उद्या ४८ ची ओढायला तीच दोरी लागेल.

१२० हर्ट्झचा टीव्ही आणि दोन नवे कन्सोल असलेल्यांनी, किंवा अ‍ॅटमॉससाठी छतात भोकं पाडायची तयारी असलेल्यांनी हा घेऊ नये. त्यांना ईएआरसी आणि एचडीएमआय २.१ असलेलं महाग मॉडेलच लागेल. बाकी, मुख्यतः ओटीटी, डिश आणि ब्लू-रे बघणाऱ्यांना हा पुरेसा आहे. घेताना मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट छापलंय का ते दुकानातच वाचा. परदेशातून कोणी आणलेला १२० व्होल्टचा रिसीव्हर स्वस्तात मिळतो, पण आपल्या बोर्डात थेट लावला तर पहिल्याच मिनिटाला जातो, आणि भारतातली वॉरंटी त्याला लागू होत नाही. खोक्यातली माइकची पिशवी उघडून बघा. शोकेसमधला नग असेल तर माइक आणि रिमोट हेच दोन आधी गायब झालेले असतात.